वाडी सरांचा तास

वाडी सरांनी कधी नंबराने हजेरी घेतली नाही. हजेरीपट टेबलावर उघडा असायचा, पण त्यात न बघता सर वर्गाकडे बघून एकेक गाव म्हणत जायचे. "आरोंदा, खाडीकडची." एक मुलगी हात वर करायची. "मठ, देऊळवाडी." मागच्या बाकावरून "हजर" यायचं. एकाच वाडीतली दोघं असली तर एक वरचं घर व्हायचं आणि दुसरं खालचं. नव्या वर्षाची मुलं पहिला आठवडाभर खुसुखुसू हसायची. मग त्यांना त्याची इतकी सवय व्हायची, की दुसऱ्या कुणी "रोल नंबर सत्तावीस" म्हटलं तर त्यांना आपल्याला नुसतं मोजल्यासारखं वाटायचं. सरांचं खरं आडनाव बहुतेकांना निकालाच्या वेळीच कळे. एरवी ते वाडी सर.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूमच्या दारात हाच माणूस उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला खडूचा डाग. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "नाव मागीर सांग गो. वाडी खंयची?" मी धामापूर म्हटलं. "तळ्याच्या हयसर काय पलीकडे?" मी म्हटलं, पलीकडे. त्यांनी मान डोलावली, जशी काही माझी सगळी प्रमाणपत्रं तपासून झाली होती. मग आत वळून सगळ्यांना सांगितलं, "ह्यां तळ्यापलीकडचां चेडू. तेका खिडकीकडची खुर्ची देवा, बंद खोलयेत तेचां मन लागाचां नाय." खिडकीकडची ती खुर्ची त्यांची स्वतःची होती, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

सर भूगोल शिकवायचे. त्यांच्या तासानंतर त्याच वर्गावर माझा तास असे आणि त्यांचा तास कधी वेळेवर संपत नसे, म्हणून मी पुष्कळदा मागच्या दारात उभी राहून ऐकत असे. ते फळ्याकडे फारसे बघत नसत. बघत ते तोंडांकडे. एखादी ओळच्या ओळ गप्प झाली, नजरा खाली गेल्या, की हातातला खडू खाली ठेवायचे आणि कुणाच्या तरी अंगणातून पुन्हा सुरुवात करायचे. जमिनीची धूप पुस्तकातून सांगून झाली आणि कळली नाही, तर म्हणायचे, "मठ, देऊळवाडी, उभा रव. तुमच्या विहिरीचां पाणी पावसात तांबडां होता की नाय? तां तांबडां खंयसून येता?" मुलगा सांगायचा, वरच्या भरडातून, म्हणजे उतारावरच्या जमिनीतून. "तर तां भरड वर्साक वायंच वायंच तुमच्या विहिरीत येता. हेका धूप म्हणतत. आता इंग्रजी नाव लिव." एकदा मी त्यांना विचारलं, सर, तुम्हाला कळतं कसं, की त्यांना कळलं नाही म्हणून? ते म्हणाले, "तोंड सांगता. कळलेलां तोंड येगळां आसता. तोंड बघल्याशिवाय माका शिकवूक येणां नाय. तां माझां एक वैगुण्यच म्हण."

आरोंद्याची ती खाडीकडची मुलगी म्हणजे तन्वी. पहिल्या वर्षाला असताना खाडीवरच्या धड्यात ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पुस्तकात लिहिलंय तसं नाही. आमची खाडी श्रावणात नदी असते आणि मे महिन्यात समुद्र." सरांनी तो तास तिथेच थांबवला आणि तिला फळ्याजवळ बोलावून पाणी कुठवर चढतं ते काढून दाखवायला लावलं. पुढचे कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये जो येईल त्याला ते हे ऐकवत होते. रसायनशास्त्राच्या मॅडमना ऐकवलं, शिपायाला ऐकवलं, ऑडिटला आलेल्या माणसालाही ऐकवलं. "श्रावणात नदी नि मेत समुद्र. ह्यां माका बत्तीस वर्सांत सुचलां नाय." तिने पुढे भूगोलच घ्यावा, एम.ए. करावं, असं त्यांनी तिच्या वतीने ठरवूनही टाकलं होतं.

त्यांना एक पुस्तक लिहायचं होतं. आमच्या मुलांना लागणारी पाठ्यपुस्तकं बाहेरून येतात आणि त्यातली उदाहरणं घाटावरची असतात. काळी माती, आटलेली नदी, दूरवर सपाट रान. आमची मुलं जांभ्यावर जन्मलेली आणि परीक्षेत मात्र त्यांनी बेसाल्ट लिहायचा. सरांना इथल्या ओहोळांवरून, सड्यांवरून म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरून, खाड्यांवरून एक पहिल्या वर्षाचं पुस्तक करायचं होतं. अर्धं झालं होतं. टाळेबंदी लागली आणि कॉलेज बंद झालं त्या दिवशी जाताना ते मला म्हणाले, "बरां झालां. घराकडे बसान पुस्तक पुरां करतंय." त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या, ग्रंथालयातल्या पुस्तकांनी भरलेल्या. सरांना इतकं खुशीत मी नंतर कधी बघितलं नाही.

मग ऑनलाइन तास घ्यायचा आदेश आला. सरांचं घर वेंगुर्ल्याच्या वाटेवर, काजूच्या बागेत. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत, त्याने आईवडिलांशी बोलता यावं म्हणून आधीच चांगलं इंटरनेट घालून दिलेलं. इतरांना रेंज नाही हे कारण तरी होतं. सरांना तेही नव्हतं. मी त्यांना फोनवरून एकेक बटण सांगितलं आणि ते सगळं त्यांनी माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर शिकून घेतलं. शिकण्यात ते कधीच कमी पडले नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोक म्हणू लागले की म्हाताऱ्या माणसाला मशीन जमलं नाही. मशीन त्यांना उत्तम जमलं होतं.

पहिल्या तासाला सर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट, पॅंट, पट्टा घालून बसले. वहिनी, म्हणजे सरांच्या बायको, सांगत की पायात चपलासुद्धा घालून बसले होते. पडद्यावर काळ्या चौकटी आल्या. त्यात मुलांची नावं नव्हती. फोन घरच्यांचे, म्हणून नावंही घरच्यांची. 'पप्पा नवीन', 'आई', 'बाबू होडी', 'काकी मुंबई'. एक चौकट नुसती फोनच्या मॉडेलच्या आकड्याची. सरांनी नेहमीसारखी सुरुवात केली. "मठ, देऊळवाडी." कुणी बोललं नाही. पुन्हा म्हणाले. मग बाजूच्या खिडकीत एकामागून एक लिहून यायला लागलं, येस सर, येस सर, येस सर. त्यातला देऊळवाडीचा कोण, हे कसं कळणार? सरांनी सगळ्यांना कॅमेरे लावायला सांगितलं. एक-दोघांनी लावले, तर एका चौकटीत पत्रे दिसले आणि एकीत कुणाचा तरी कान. मग आवाज तुटायला लागला. मीच त्यांना नंतर सांगितलं, सर, कॅमेरा लावला की मुलांचा डेटा दुपारपर्यंत संपतो. त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही.

पुस्तकाला हात लावता आला नाही. दिवसभर घरातच असूनही वेळ कुठे जात होता, ते त्यांना कळत नव्हतं, मलाही माझा कळत नव्हता. तास झाला की पडद्याचा फोटो काढून प्राचार्यांना पाठवायचा. रोजचा अहवाल भरायचा. तोच तास रेकॉर्ड करून ठेवायचा, कारण निम्म्या मुलांना तो वेळेवर ऐकता आलेला नसायचा. मग वेबिनार, त्यांची प्रमाणपत्रं, मग मुलांचे फोन, जेवताना, झोपताना, सर लिंक चालत नाही. सर एकेक तास पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचे. मध्येच कोंबडा ओरडला म्हणून, खोकला आला म्हणून, आणि पुष्कळदा काहीच झालं नाही म्हणून. "आयकतंय, तेव्हा खोटां वाटता," म्हणायचे. "वर्गात बोलतंय तसो आवाज येणा नाय. रेडियोवरचो माणूस बोलता असां वाटता."

एक दिवस फोनवर म्हणाले, "तुका एक सांगू? आख्खो तास मी माझांच तोंड बघतंय. सगळी काळी चौकटां आणि मधी मी एकलो. जल्मात कधी आपल्याक इतको बघलंय नव्हतंय." मी हसले. ते हसले नाहीत. नंतर वहिनींनी सांगितलं की त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूचा कागद कापून पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चिकटवला होता, स्वतःचा चेहरा दिसू नये म्हणून.

"ऐकू येतंय ना?" हा प्रश्न त्या दिवसांत आम्ही सगळेच विचारत होतो. सरांच्या मात्र तो तोंडातच बसला. जेवताना वहिनींशी बोलताबोलता मध्येच थांबून विचारायचे, ऐकू येतंय ना? वहिनींना पहिल्यांदा वाटलं, चेष्टा करताहेत. "मी तेंच्या समोर बसलेलंय," वहिनी मला म्हणाल्या. "हातभर अंतरार. तरी इचारतत."

त्या काळ्या चौकटींत एक चौकट मात्र अशी होती, की तास सुरू व्हायच्या आधी येऊन थांबायची आणि सरांनी तास बंद करेपर्यंत जायची नाही. तन्वीची. तिने आपलं नाव नीट घातलं होतं, 'तन्वी आरोंदा'. ती काही बोलत नसे, लिहीतही नसे, पण असायची. बाकीचे येत, हजेरी लावत, निघून जात. सर मला म्हणायचे, "एकटां तन्वी तरी आसा. मी आता तेकाच शिकवतंय समज." खरंच ते तिच्यासाठी तास तयार करायला लागले. खाडीच्या प्रकरणाला त्यांनी आरोंद्याचा नकाशा हाताने काढला आणि रंगवून त्याचा फोटो पडद्यावर लावला. त्या दिवसांत त्यांचा आवाज फोनवर थोडा बरा वाटायचा.

थंडी सरत आली होती. बाजार उघडले होते, गाड्या चालू होत्या, लग्नं होत होती, कॉलेजं मात्र बंदच होती. प्राचार्यांनी नवा नियम काढला की एका शिक्षकाच्या तासाला दुसऱ्याने निरीक्षक म्हणून बसायचं. सरांच्या तासाला मला बसवलं. खाडीचाच तास होता. सरांनी पुस्तकातलं सांगून संपवलं आणि म्हणाले, "आता पुढचं मी सांगण्यापेक्षा खाडीवरचं माणूस सांगेल. तन्वी, माईक लाव. यंदा खारं पाणी कुठवर चढलंय?"

सर थांबले. नकाशा पडद्यावर तसाच होता. "तन्वी, आसंस मां?" ते मालवणीत म्हणाले.

बऱ्याच वेळाने तिचा माईक उघडला. आधी कोंबड्यांचा आवाज आला, मग भांडं खाली ठेवल्याचा. मग एका बाईचा. "सर, मी तन्वीची आवस बोलतंय."

"तन्वी खंय आसा?"

"तेचां लगीन झालां, सर. मार्गशीर्षात. थोडक्यातच केलां, बोलावक मिळालां नाय कोणाक."

बाईच पुढे म्हणाली, "फोन तेच्या बापाशीचो, तो हंयच रवलो. जाताना सांगान गेलां, माझी हजेरी चुकवू नको, मी परीक्षेक बसतलंय. म्हणान मी रोज लावन ठेवतंय." मग जरा ओशाळून, "तुमी बोलतास तां माका सगळां समजणां नाय. पण घरात कोणतरी बोलता असां वाटता. तन्वीचो बापूस गेल्यापासून घर गप आसा."

"बरां केलास," सर म्हणाले. "लावा हां. लावन ठेवा." पुढचा सगळा तास त्यांनी खाली कागदात बघून वाचून काढला. निरीक्षक म्हणून मला त्या तासाला शेरा द्यायचा होता. मी 'समाधानकारक' लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते?

दोन-तीन दिवसांनी सरांनी मला फोन केला. "आरोंद्याक जावया. तुझ्या स्कूटरवरसून नेशीत?" आम्ही गेलो. तन्वीचं घर खाडीपासून थोडं वर, अंगणात जाळी वाळत घातलेली, ती आता कुणी वापरत नसावं. तिच्या आईने आम्हाला लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसवलं, चहा केला. भिंतीवर तन्वीच्या वडिलांचा फोटो होता, त्याला घातलेल्या हाराचं प्लॅस्टिकचं वेष्टनही अजून काढलेलं नव्हतं. नवरा साथीत गेला, दिरांनी स्थळ आणलं, खर्च नको म्हणून लगेच उरकलं, असं ती सांगत होती. तक्रार करत नव्हती. नुसतं क्रमाने सांगत होती.

सरांनी तन्वीला फोन लावायला सांगितला. आईने लावला आणि आवाज मोठा करून मधे ठेवला.

"सर, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब," तन्वी म्हणाली. आवाज तोच होता, फक्त हळू.

"परीक्षा फोनवर आसा, बाय. तुका खंय जावक नको. नुसतां बसाचां. नोट्स मी पाठयतंय."

"इथे फोन यांच्याकडे असतो, सर. ते कामावर घेऊन जातात. आता सुट्टी आहे म्हणून उचलला."

"मी बोलू तेंच्याकडे? नीट बोलतंय."

"नको, सर." एवढं ती पटकन म्हणाली. मग बराच वेळ पलीकडून भांड्यांचा आवाज येत राहिला. आणि मग, "सर, माझी हजेरी लावू नका आता. आई रोज फोन लावून बसते, तिचं काम राहतं. माझं नाव काढून टाका."

सर म्हणाले, "बरां." तिच्या आईने फोन उचलून कानाला लावला आणि आत गेली.

परत येताना मी मुद्दाम खाडीच्या कडेने गाडी घेतली आणि बंदरापाशी थांबवली. भरती लागली होती, पलीकडे गोव्याची झाडं दिसत होती. एरवी अशा जागी सरांना गप्प बसवावं लागायचं. पाण्याचा रंग बघून ते कुठल्या ओहोळाची माती त्यात आहे ते सांगायचे. त्या दिवशी ते पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. "माका वाटा होतां, एकटां तरी आयकता," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "चल. उन्हां लागतत."

त्यानंतर सरांचे तास लवकर संपायला लागले. नकाशे बंद झाले, मग उदाहरणं बंद झाली, मग ते नुसतं पुस्तक वाचू लागले. कुणा विद्यार्थ्याची एक अक्षर तक्रार आली नाही. उलट प्राचार्यांनी बैठकीत सांगितलं की सरांचे अहवाल आता अगदी वेळेवर येतात.

वहिनींचा फोन आला तो सकाळी. म्हणाल्या, "तू येवन जा गो. हे न्हावन, शर्ट घालून बसतत, नि तां मशीन उघडणतच नाय. तसांच बसान रवतत." मी गेले. सर खुर्चीत होते, समोर लॅपटॉप मिटलेला. मला बघून ओशाळले. इकडचंतिकडचं बोललो. वहिनी चहा ठेवायला आत गेल्यावर म्हणाले, "माका दमल्यासारखां होता. खांद्यार भात वाहून आणल्यासारखां. आणि काम काय केलंय, तर बसलंय. हेका काय म्हणूचां?" तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर येतात, तिथे जाऊया, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "डॉक्टरांक काय सांगू? दमलंय म्हणान? पगार चालू, घर आसा, माणसां जिती आसत. लोकांच्या घरात काय काय झालां आसा. माका काय झालां?"

शेवटी गेले. वहिनी आणि मी घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, आणि त्यांच्या दारात रांग मोठी होती. त्यांनी विचारलं, झोप येते का, भूक लागते का, मरणाचे विचार येतात का. सर म्हणाले, "मरणाचो नाय येणा. शिकवूचो येणा नाय." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं की नाही मला दिसलं नाही. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी त्यांना सकाळी जड वाटायचं. काही आठवड्यांनी त्यांनी स्वतःच्या मनानेच त्या सोडल्या.

मे महिन्यात ते मोठं वादळ आलं. काजूची निम्मी बाग आडवी झाली, पडवीची कौलं उडाली, वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. फोनही बंद. मी रस्ता मोकळा झाल्यावर भेटायला गेले तेव्हा मनात भीती होती. सर उघड्या अंगाने, कोयता घेऊन पडलेल्या झाडाच्या फांद्या तोडत होते. मला बघून म्हणाले, "इलंस? बरां झालां. ती बाजूची फांदी धर." आम्ही दुपारपर्यंत काम केलं. जेवताना त्यांनी दोनदा भात घेतला. वहिनी मला विहिरीवर हात धुताना म्हणाल्या, "वादळ इल्यापासून हेंका झोप लागता. पयल्यासारखी." घर, बाग, सगळं उद्ध्वस्त झालं होतं आणि वहिनींच्या तोंडावर समाधान होतं.

मग वीज आली. वहिनींनी सांगितलं, "लाईट इली, नि हे हात धुवून परत आत जावन बसले."

कॉलेज उघडलं तेव्हा मला वाटलं, आता होईल सगळं नीट. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. सर पहिल्या दिवशी आधी येऊन बसले होते. शर्ट इस्त्रीचा, पण अंगावर सैल. खिडकीकडच्या खुर्चीत बसा म्हटलं, तर दाराजवळ बसले. तास झाला तेव्हा मी नेहमीसारखी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. समोर मास्क लावलेली मुलं, नुसते डोळे. दोन वर्षं ज्यांना शिकवलं ती ही मुलं त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती आणि अर्धीच बघितली होती. सरांनी हजेरीपट उघडला, त्यात बघितलं आणि म्हणाले, "रोल नंबर एक."

मुलंही बदलली होती. कुणी शेजाऱ्याशी बोलत नव्हतं, खोडी काढत नव्हतं. माईक बंद करून ठेवावा तशी बसली होती. सरांनी एकाला काही विचारलं. तो उभा राहिला आणि उभाच राहिला. सर त्याच्याकडे बघत होते, तो बाकाकडे. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने अगदी अदबीने विचारलं, "सर, याची पीडीएफ टाकाल ना?"

"टाकतो," सर म्हणाले.

स्टाफरूममध्ये येऊन बसल्यावर मी चिडून त्या मुलांबद्दल काहीतरी बोलले. त्यांनी हाताने थांबवलं. "तेंचां काय चुकलां? दोन वर्सां आपणच तां शिकवलां. तेवढां मात्र ती नीट शिकली."

नोकरीची काही वर्षं शिल्लक असताना त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. निरोपसमारंभ घेऊ दिला नाही. प्राचार्यांनी आग्रह केला, शाल-श्रीफळ आणून ठेवलं, तर त्या दिवशी आलेच नाहीत. पुण्याला मुलाकडे जायचं ठरलं. सामान बांधत असताना मी गेले आणि पुस्तकाचं विचारलं. जेवढं झालंय तेवढं तरी द्या, मी छापून आणते म्हटलं. ते म्हणाले, "अर्ध्या वाटेचां पुस्तक कोणाच्या कामाचां? आणि सड्यावर आता बंगले होतत, ओहोळ बुजवतत. मी लिवलेलां थंय आता आसतलां काय, तां बघूक जावक होयां. माझ्यान जाववणां नाय." वहिनींनी बाग पाहायला एका ओळखीच्या माणसाला सांगितलं आणि घराला कुलूप लावलं.

मध्यंतरी एका प्रशिक्षणासाठी मला पुण्याला जावं लागलं. पत्ता विचारत गेले. उंच इमारत, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. वहिनींनी दार उघडलं आणि माझा हात धरून आत नेलं. सर गॅलरीत बसले होते. वजन आणखी उतरलं होतं, पण दाढी नीट केलेली. मी धामापुराहून आणलेले काजूगर दिले, ते त्यांनी हातात घेऊन वास घेतला आणि वहिनींकडे दिले. मी कॉलेजच्या गोष्टी सांगत राहिले. कोण कुठे लागलं, कुणाची बदली झाली, भूगोलाला आता कुणी येत नाही म्हणून विषय बंद करायचं चाललंय, हे सांगून गेले आणि सांगितल्यावर जीभ चावली. ते शांतपणे ऐकत होते. तन्वीबद्दल त्यांनी विचारलं नाही. मला माहीत असतं तरी मी काय सांगितलं असतं? खाली शाळा सुटली होती, मुलांचा गलका वर येत होता. सरांनी उठून गॅलरीचं दार लावून घेतलं.

जेवून निघाले तर म्हणाले, रिक्षापर्यंत येतंय. वहिनींना फार बरं वाटलं, कारण ते सहसा खाली उतरत नसत. लिफ्टमधून उतरलो, फाटकापर्यंत आलो. रिक्षा थांबवली त्यांनीच. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून म्हणाले, "बाय, एक आयक. तू परत येव नको हां."

मी वर बघितलं.

"राग मानू नको. तू इलंस, माका खूप बरां वाटलां. तेच वायट आसा. आता तू गेलंस काय माका थंयचां सगळां दिसत रवतलां, नि तां निस्तरूक किती दिस लागतले सांगूक येणां नाय. वयनीक त्रास जाता." मग रिक्षावाल्याला म्हणाले, "सावकाश ने रे."

त्यानंतर पुण्याला माझं जाणं झालं. एकदा त्यांच्या इमारतीसमोरच्या रस्त्यावरूनही गेले. वहिनींचा अधूनमधून फोन येतो. सर बरे आहेत म्हणतात, जेवतात, बातम्या बघतात. ये म्हणून त्या सांगतात, आणि मी येते म्हणते. जात नाही.